न सैलावणारा दंड : बर्न हॉगार्थची शरीररचना

मानवी शरीर काढायला कॉमिकवरून शिकावे का, हा प्रश्न पुष्कळदा नुसते नाक मुरडून निकालात काढला जातो. बर्न हॉगार्थच्या 'डायनॅमिक ॲनाटॉमी' (१९५८) या पुस्तकापुढे तेवढ्याने भागत नाही. हॉगार्थने १९३७ साली 'टारझन'ची रविवारची चित्रपट्टी हॅल फॉस्टरकडून हाती घेतली. पुढे १९४७ साली सायलस ऱ्होड्सबरोबर त्याने न्यूयॉर्कमध्ये चित्रपट्टीकारांसाठी शाळा काढली. आजचे स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स ते हेच. पुस्तक आहे ते असे, हाताने रोज काढणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसाचे.

त्याचे बळ उघड आहे. फांदीवरून झेपावणारा माणूस कोणते मॉडेल आपल्यासाठी हवेत धरून ठेवणार? तो मनातूनच काढावा लागतो, आणि त्यासाठी स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, हे पाठ असावे लागते. समोर ठेवलेल्या पुतळ्याची नक्कल करून हात बसलेल्या विद्यार्थ्याला हॉगार्थ हे धाडस देतो. माझ्या मते हे देणे मोठे आहे.

पण त्याच्या माणसाचा दंड पाहा. कोपरात हात वाकवताना पुढचा स्नायू आवळतो आणि मागचा सैलावतो. हॉगार्थकडे बहुधा दोन्ही आवळलेले. मला याचे कारण छपाईत दिसते. शाईच्या रेघेला करडी छटा नसते. सैल मांसाला स्पष्ट कड नसते, ताणलेल्याला असते. वर्तमानपत्राच्या कागदावर कड हवी, म्हणून सगळेच ताणायचे. रेघेची ही गरज पुस्तकात शरीराचा नियम होऊन बसली. स्टॅन ली आणि जॉन ब्युसेमा यांच्या १९७८ च्या पुस्तकातला नायक पावणेनऊ डोकी उंच असतो, तेही मला इतके खटकत नाही. ती उघड अतिशयोक्ती आहे. शिकणाऱ्याला ती कळते. दंडाची अतिशयोक्ती त्याला शास्त्र म्हणून मिळते.

यावर कोणी म्हणेल, शरीरशास्त्राच्या ग्रंथांतही सोललेली माणसे ऐटीत उभी असतातच की. असतात. व्हेसॅलियसच्या १५४३ च्या ग्रंथात ती चक्क निसर्गदृश्यापुढे उभी आहेत. मात्र तिथे एकेक थर निघत जातो तसा देह खचत जातो, आणि पुढे एकाला तर दोरीने टांगून उभे करावे लागते. स्नायू गेला की भार कोण पेलणार, हे ते चित्र लपवत नाही.

हॉगार्थ गिरवण्यात मीही काही महिने घालवले. मग एकदा दुपारी घरात निजलेल्या म्हाताऱ्या माणसाला काढायला बसलो. ओघळलेली कातडी, उशीवर टेकलेला गाल, पोटावर पडलेला हात : यातल्या कशालाच माझ्याकडे रेघ नव्हती. वहीत जो उतरला तो म्हातारा मुठी आवळून निजला होता.