‘विद्यार्थी’ या शब्दाची व्याप्ती : अमेरिकेतील महासाथकालीन आपत्कालीन अनुदानाची चिकित्सा

शिष्यवृत्ती आणि आपत्तीतील मदत या दोहोंची प्रकृती भिन्न आहे. शिष्यवृत्तीसाठी पात्रता ठरविण्यास अवधी असतो, कागदपत्रे तपासता येतात, त्रुटी असल्यास अर्ज परत पाठविता येतो. आपत्तीतील मदतीला हा अवधी नसतो. वसतिगृहाची खोली तीन दिवसांत रिकामी करावयास सांगितलेल्या विद्यार्थ्याला प्रवासखर्च तीन महिन्यांनी मिळाला, तर त्याचा उपयोग काय? कोविड-१९ महासाथीच्या काळात अमेरिकेच्या संघराज्य शासनाने विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी जे आपत्कालीन अनुदान दिले, ते रकमेच्या दृष्टीने अभूतपूर्व होते. २०२० व २०२१ मधील तीन कायद्यांनी मिळून उच्च शिक्षणसंस्थांसाठी सुमारे ७६ अब्ज डॉलर उपलब्ध करून दिले. एवढ्या निधीच्या वाटपात अडचणी येणे स्वाभाविक होते. मात्र या योजनेतील सर्वांत मोठी अडचण पैशाची नव्हती, यंत्रणेचीही नव्हती. ती एका शब्दाच्या अर्थाची होती. ‘विद्यार्थी’ म्हणजे कोण, हे कायद्याने सांगितले नाही आणि प्रशासनाने त्या मौनात स्वतःचा अर्थ भरला.

कायद्याची शब्दरचना

२७ मार्च २०२० रोजी संमत झालेला केअर्स कायदा सुमारे २.२ लाख कोटी डॉलरचा होता. त्यातील जवळजवळ १४ अब्ज डॉलर उच्च शिक्षणाच्या वाट्याला आले. या रकमेचा ९० टक्के भाग सूत्रानुसार महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यात वाटला जावयाचा होता आणि संस्थेला मिळालेल्या रकमेपैकी निदान निम्मी रक्कम थेट विद्यार्थ्यांना रोख अनुदान म्हणून द्यावी, असे बंधन होते. विद्यार्थ्यांचा हा वाटा सहा अब्ज डॉलरहून अधिक होता. थकीत शुल्कापोटी संस्थेने तो परस्पर वळता करून घ्यावयाचा नव्हता. ही तरतूद निःसंशय स्तुत्य होती. संस्थेच्या तिजोरीत न थांबता पैसा विद्यार्थ्याच्या हाती पडावा, ही भूमिका उच्च शिक्षणाच्या अर्थकारणात सहसा आढळत नाही.

परंतु हे अनुदान कोणत्या खर्चासाठी, याविषयीचे कलम बारकाईने वाचले पाहिजे. महासाथीमुळे परिसरातील कामकाज खंडित झाल्याने उद्भवलेला खर्च, असे त्याचे शब्द होते; अन्न, निवास, अभ्याससाहित्य, तंत्रज्ञान, आरोग्यसेवा व बालसंगोपन ही त्याची उदाहरणे. म्हणजे खर्चाचे कारण महाविद्यालय बंद होणे हे असले पाहिजे. हॉटेलात काम करणाऱ्या आईची नोकरी गेली म्हणून ज्या विद्यार्थिनीच्या घरचे भाडे थकले, तिची आपत्ती या शब्दरचनेत काटेकोरपणे बसत नाही. तिचे महाविद्यालय बंद नसते, तरीही भाडे थकलेच असते. महासाथीने विद्यार्थ्याच्या जीवनावर केलेला आघात कायद्याने संस्थेच्या दारातून पाहिला, घराच्या दारातून नव्हे. डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या कायद्यात ही चौकट सैल करण्यात आली. शिक्षणाच्या एकूण खर्चाचा कोणताही घटक अथवा कोरोना विषाणूमुळे उद्भवलेला कोणताही तातडीचा खर्च त्यात समाविष्ट झाला व मानसिक आरोग्यसेवेचाही स्पष्ट उल्लेख आला. दुरुस्ती योग्य होती. तिला नऊ महिने लागले.

अपूर्णांकातील विद्यार्थी

संस्थानिहाय वाटपाचे सूत्रही असेच बोलके आहे. निधीचा ७५ टक्के भाग पेल अनुदान घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येनुसार आणि २५ टक्के भाग इतरांच्या संख्येनुसार ठरविण्यात आला. पेल हे अल्प उत्पन्न गटातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांना मिळणारे संघराज्याचे अनुदान असल्याने गरीब विद्यार्थी अधिक असलेल्या संस्थेला झुकते माप मिळावे, हा हेतू उघड दिसतो. मात्र ही संख्या डोकी मोजून नव्हे, तर पूर्णवेळ-समतुल्य पद्धतीने काढण्यात आली. या पद्धतीत दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयातील अर्धवेळ विद्यार्थी साधारणपणे एक तृतीयांश विद्यार्थी ठरतो. दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी दोन विषय शिकणारा, मुलांना सांभाळून एकेक सत्र पुढे सरकणारा विद्यार्थी प्रामुख्याने कम्युनिटी कॉलेजात असतो. त्याचे घरभाडे एक तृतीयांश नसते आणि त्याची भूकही नसते. अध्यापकांची संख्या वा वर्गखोल्यांची गरज ठरविण्यासाठी हे माप ठीक आहे. मदतीचे माप म्हणून ते वापरताच सर्वाधिक गरजू विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या संस्था आपोआप लहान दिसू लागल्या. दुसऱ्या कायद्याने संख्येचा निम्मा भार प्रत्यक्ष डोक्यांच्या मोजणीवर टाकला, यावरून मूळ सूत्रातील दोष संसदेलाही जाणवला होता, असे म्हणता येते.

सार्वजनिक चर्चा मात्र निराळ्याच गोष्टीवर रंगली. हार्वर्ड विद्यापीठाच्या वाट्याला सूत्रानुसार सुमारे ८६ लाख डॉलर आले होते. एवढ्या श्रीमंत विद्यापीठाला शासकीय मदत कशाला, असा गदारोळ उठला, राष्ट्राध्यक्षांनीही जाहीर टीका केली आणि एप्रिल २०२० मध्ये हार्वर्डने हा निधी नाकारला. स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन व येल यांनीही तोच मार्ग धरला. चौदा अब्जांच्या हिशेबात ही रक्कम नगण्य होती. शिवाय हार्वर्डने ती पूर्णतः विद्यार्थ्यांना देण्याचे आधीच घोषित केले होते. अर्धवेळ विद्यार्थ्याच्या अपूर्णांकाची मात्र वृत्तपत्रीय बातमी होत नाही.

बारा दिवसांतील अर्थांतर

या प्रकरणाचा गाभा एप्रिल ते जून २०२० या काळात आहे. ९ एप्रिल रोजी शिक्षण सचिव बेट्सी डीव्हॉस यांनी संस्थाप्रमुखांना पत्र पाठवून विद्यार्थ्यांचा वाटा खुला केला. अनुदान कोणाला व किती द्यावे, याचे व्यापक स्वातंत्र्य संस्थांना आहे, असे त्यात नमूद होते. सर्वाधिक गरजूंना प्राधान्य द्यावे आणि त्या वर्षीच्या कमाल पेल रकमेची, म्हणजे ६,१९५ डॉलरची, मर्यादा विचारात घ्यावी, एवढीच सूचना होती. निधी स्वीकारताना संस्थेने सही करावयाच्या प्रमाणपत्रात तर असेही म्हटले होते की, हे अनुदान उच्च शिक्षण कायद्याच्या शीर्षक चारखालील नेहमीचे आर्थिक साहाय्य मानले जाणार नाही.

२१ एप्रिल रोजी, अवघ्या बारा दिवसांनी, त्याच विभागाने जाहीर केले की, शीर्षक चारखाली जे पात्र आहेत किंवा ठरू शकतील, त्यांनाच हे अनुदान देता येईल. जे अनुदान शीर्षक चारचे नाही असे लेखी सांगितले, त्याला शीर्षक चारच्याच पात्रतेच्या अटी लावण्यात आल्या. या अटींत नागरिकत्व किंवा विशिष्ट निवासी दर्जा, वैध सामाजिक सुरक्षा क्रमांक, माध्यमिक शिक्षणाचे प्रमाणपत्र, समाधानकारक शैक्षणिक प्रगती आणि पुरुष विद्यार्थ्यांसाठी लष्करी भरतीच्या यादीतील नोंदणी यांचाही समावेश होता. समाधानकारक प्रगतीच्या अटीतील विसंगती विशेष बोचणारी आहे. आधीच्या सत्रात आजारपणामुळे वा आर्थिक ओढाताणीमुळे ज्याचे गुण घसरले, तोच आपत्तीत प्रथम कोसळणार, हे सांगण्यास शिक्षणतज्ज्ञाची गरज नाही.

या एका निर्णयाने बालपणी अमेरिकेत आणले गेलेले व ‘डाका’ धोरणाखाली राहणारे तरुण वगळले गेले आणि सर्व परदेशी विद्यार्थीही वगळले गेले. २०१९-२० या वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १,९३,१२४ होती. त्यांत महाराष्ट्रातून कर्ज काढून गेलेले विद्यार्थीही होते. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सामान्यतः परिसरातच मर्यादित तास काम करता येते. परिसर बंद पडताच ग्रंथालय वा भोजनगृहातील ते कामही थांबले, मायदेशीची विमाने बंद झाली आणि बाहेर नोकरी धरणे हा व्हिसाचा भंग ठरला असता. कामकाज खंडित झाल्याने उद्भवलेला खर्च या कायदेशीर वर्णनात याहून चपखल बसणारा विद्यार्थी शोधूनही सापडला नसता. संघराज्याच्या कार्य-अध्ययन योजनेतील पात्र विद्यार्थ्यांना काम बंद असतानाही वेतन देत राहण्याची मुभा याच केअर्स कायद्याने दिली होती, हे येथे लक्षात घ्यावे. ‘कमवा आणि शिका’ची परंपरा माहीत असलेल्या वाचकाला या मुभेचे मोल वेगळे सांगावयास नको. परदेशी विद्यार्थी त्या योजनेतही नव्हता.

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेज व्यवस्थेने, जिच्यात तेव्हा ११५ महाविद्यालये व सुमारे २१ लाख विद्यार्थी होते, मे महिन्यात न्यायालयात धाव घेतली. वॉशिंग्टन राज्यानेही स्वतंत्र दावा लावला. २१ मे रोजी विभागाने आपले मार्गदर्शन कायद्याने बंधनकारक नसल्याचे म्हटले, तर १७ जून रोजी तीच अट बंधनकारक अंतरिम नियमाच्या रूपात पुन्हा आणली. कायदा संमत झाल्यापासून या नियमापर्यंत ८२ दिवस लोटले होते आणि वसंत सत्र संपून गेले होते. कायद्यात नसलेली अट विभागाने घातल्याचे प्रथमदर्शनी मत दोन्ही न्यायालयांनी त्याच महिन्यात व्यक्त केले. मात्र कॅलिफोर्नियातील मनाई त्या राज्याच्या कम्युनिटी कॉलेजांपुरती होती आणि वॉशिंग्टनमध्ये शीर्षक चारची अट थोपविली गेली, तरी १९९६ च्या कल्याणकायद्यातील स्थलांतरितांवरील निर्बंध अबाधित राहिला. परिणामी, एकाच परिस्थितीतील दोन विद्यार्थ्यांची पात्रता ते कोणत्या राज्यात व कोणत्या प्रकारच्या संस्थेत शिकतात, यावर अवलंबून राहिली.

डीव्हॉस यांच्या भूमिकेच्या बाजूने काहीच म्हणता येत नाही, असे नाही. सार्वजनिक निधी कोणाला दिला, याचा जाब विभागाला द्यावा लागतो आणि स्थलांतरितांच्या लाभांवरील १९९६ चा निर्बंध त्यांनी निर्माण केलेला नव्हता. परंतु जाबदारीची ही चिंता एकाच बाजूला तीव्र झाली. संस्थांच्या वाट्यासाठी प्रमाणपत्रावरील एक सही पुरेशी ठरली. विद्यार्थ्याच्या वाट्यासाठी मात्र त्याच्या नागरिकत्वापासून भरतीच्या नोंदणीपर्यंत सर्व काही तपासण्याची तयारी झाली.

अर्जाचा प्रश्न

पात्रता सिद्ध करण्याचा सोपा मार्ग म्हणजे फाफ्सा हा संघराज्याचा आर्थिक साहाय्याचा अर्ज. ज्यांनी तो भरला नव्हता, त्यांच्याकडून स्वयंघोषणापत्र घेण्याची सोय होती. पण चुकीच्या घोषणेची जबाबदारी कोणावर, या भीतीने संस्था फाफ्साकडेच वळणे साहजिक होते. फाफ्सामध्ये पालकांच्या उत्पन्नाचा आदल्या वर्षांचा तपशील असतो, मार्च २०२० मध्ये गेलेल्या नोकरीचा नव्हे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्जांशी झुंजणाऱ्या अध्यापकांना व लिपिकांना मागील वर्षाच्या उत्पन्नाचा दाखला आणि आजची चूल यांतील अंतर ठाऊक आहे.

संस्थांनी दोन ढोबळ पद्धती अवलंबिल्या. काहींनी पेल घेणाऱ्या सर्वांना ठराविक रक्कम अर्जाविना खात्यात जमा केली. काहींनी अर्ज मागविले, त्यांत आपत्तीचे वर्णन लिहावयास सांगितले, क्वचित पावत्याही मागितल्या. दुसरी पद्धत अधिक न्याय्य भासते, कारण तीत वैयक्तिक गरज पाहिली जाते. वस्तुतः तीत गरजेबरोबर, किंबहुना गरजेपेक्षा अधिक, गरज शब्दांत मांडण्याची क्षमता पाहिली जाते. ज्याला इंटरनेट नाही, ज्याला आपली ओढाताण अनोळखी अधिकाऱ्यापुढे उघड करण्याची लाज वाटते, तो अर्जच करीत नाही. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून वेगळी वाट चोखाळली होती. थोड्या शुल्काअभावी प्रवेश रद्द होऊ घातलेले विद्यार्थी विद्यापीठ आपल्याच नोंदींतून शोधून काढते व अर्जाची वाट न पाहता लहान अनुदान त्यांच्या खात्यावर जमा करते. महासाथीपूर्वीचा हा अनुभव उपलब्ध असताना एवढ्या संस्थांनी अर्जांचे ढीग का जमविले, याचे एक उत्तर २१ एप्रिलच्या मार्गदर्शनातच आहे. संशयित लाभार्थी गृहीत धरला की, लेखापरीक्षणासाठी कागद लागतो.

अर्थ बदलल्यानंतर

मार्च २०२१ मध्ये तिसरा कायदा संमत झाला. त्याने जवळजवळ ४० अब्ज डॉलर दिले. मे महिन्यात नवे शिक्षण सचिव मिगेल कार्डोना यांच्या विभागाने अंतिम नियम काढून ‘विद्यार्थी’ची व्याख्या पालटली. १३ मार्च २०२० या राष्ट्रीय आपत्तीच्या घोषणेच्या दिवशी किंवा त्यानंतर संस्थेत नोंदलेली कोणतीही व्यक्ती, नागरिकत्वाचा विचार न करता, विद्यार्थी ठरली. डाकाखालील तरुण व परदेशी विद्यार्थी आत आले. फाफ्साची अट गेली. केअर्स कायद्यातील ‘विद्यार्थी’ हा शब्द तोच होता, त्यातील एक अक्षरही बदलले नव्हते.

नव्या व्याख्येत संस्था सोडून गेलेलेही बसत होते. मात्र नियमाने संस्थेला मुभा दिली, सक्ती केली नाही. २०२० च्या वसंतात मदतीअभावी नाव काढून टाकलेल्या विद्यार्थ्याचा महाविद्यालयीन ई-मेल बंद झालेला, पत्ता बदललेला. त्याला शोधण्याचे काम कोणाचे, हे नियमात कोठेही लिहिलेले नव्हते. बहुतेक संस्थांसाठी हा निधी वापरण्याची मुदत ३० जून २०२३ रोजी संपली.