हेरपटातील चुका आणि दोषविचार : ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’च्या संदर्भात

चित्रपटातील चुका टिपणे हा आता प्रेक्षकांचा एक स्वतंत्र छंद झाला आहे. चित्रपटगृहात एकदाच पाहावयाच्या चित्राला कॅसेट व पुढे डीव्हीडीने घरात आणले, तेव्हापासून हवे ते दृश्य थांबवून, मागे नेऊन पुन्हा पाहणे कोणासही शक्य झाले. या छंदाचे हेरपटावर विशेष प्रेम आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. हेराचे जगणे-मरणे एखाद्या क्षुल्लक तपशिलावर अवलंबून असते. त्यामुळे हेरपट आपल्या प्रेक्षकाला तपशील पाहण्याची सवय लावतो आणि तो प्रेक्षक अखेरीस त्या चित्रपटावरच हेरगिरी करू लागतो. येथवर तक्रारीस जागा नाही. परंतु पदवी व पदव्युत्तर स्तरावरील चित्रपटविषयक प्रकल्पांतून अशा चुकांची यादी हीच समीक्षा म्हणून सादर होऊ लागते, तेव्हा यादी आणि समीक्षा यांतील अंतर तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात हे अंतर एका प्रसिद्ध चित्रपटाच्या आधारे तपासावयाचे आहे.

आल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ १९५९ साली प्रदर्शित झाला. पटकथा अर्नेस्ट लेमन यांची, छायालेखन रॉबर्ट बर्क्स यांचे आणि संकलन जॉर्ज टोमासिनी यांचे. जाहिरात व्यवसायातील रॉजर थॉर्नहिल (कॅरी ग्रँट) याला शत्रूचे हेर चुकून ‘जॉर्ज कॅप्लन’ समजतात. कॅप्लन नावाचा माणूसच अस्तित्वात नाही. शत्रूच्या गोटातील आपल्या खऱ्या हस्तकावर संशय जाऊ नये म्हणून अमेरिकी गुप्तचर संस्थेने तो निर्माण केलेला आहे. ती हस्तक म्हणजे ईव्ह केंडल (ईव्हा मेरी सेंट). न्यूयॉर्क, शिकागो आणि दक्षिण डाकोटातील माउंट रशमोर अशा क्रमाने कथानक पुढे सरकते.

या चित्रपटातील सर्वांत ख्यातनाम चूक माउंट रशमोरच्या उपाहारगृहातील आहे. ईव्ह थॉर्नहिलवर पिस्तूल झाडते. पण ती पिस्तूल झाडण्यापूर्वीच पार्श्वभूमीवरील मेजाशी बसलेला एक लहान मुलगा दोन्ही कानांत बोटे घालतो. बहुधा तालमीत किंवा आधीच्या चित्रणात त्या पोराने आवाज ऐकला असावा आणि पुढचा बार कधी होणार हे त्यास पक्के कळले असावे. त्याच्याकडे ना दिग्दर्शकाचे लक्ष गेले, ना संकलकाचे. चित्रपट व्हिस्टाव्हिजन या रुंद व सुस्पष्ट प्रतिमेच्या तंत्राने चित्रित केलेला असल्याने मागील माणसेही ठळक दिसतात. मुलाला लपावयास जागा उरली नाही. शिवाय ही चूक एकदा कोणी दाखवून दिली की पुढे ती टाळून तो प्रसंग पाहणे अवघड होते.

मग हा दोष किती गंभीर मानावयाचा? या प्रश्नाला आपल्या काव्यशास्त्रात उत्तराची चांगली सामग्री आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात दोषाची व्याख्या मुख्यार्थाच्या हानीवरून केली आहे. मुख्यार्थाला, म्हणजे प्राधान्याने रसाला, जो बाधा आणतो तो दोष. त्यापूर्वी आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात दोषाचे दोन उगम सांगितले आहेत : अव्युत्पत्ती आणि अशक्ती. व्युत्पत्तीच्या, म्हणजे बहुश्रुततेच्या, उणिवेतून आलेला दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो. शक्तीच्याच अभावातून आलेला दोष मात्र तत्काळ डोळ्यांत भरतो. ‘कुमारसंभवा’तील देवतांच्या शृंगारवर्णनाचे अनौचित्य कालिदासाच्या शक्तीमुळे जाणवत नाही, हे त्याचे उदाहरण. ॲरिस्टॉटलनेही ‘काव्यशास्त्रा’च्या पंचविसाव्या प्रकरणात जवळपास हाच भेद केला आहे. हरिणीला शिंगे नसतात हे ठाऊक नसणे, ही तिचे चित्र बेढब काढण्यापेक्षा लहान चूक होय. दोन परंपरांतील हे साम्य योगायोगाचे असो वा नसो, चुकांच्या यादीला लावण्यासाठी हाती एक कसोटी येते.

ही कसोटी लावली असता तथ्यविषयक चुकांची बरीचशी रांग आपोआप बाजूला होते. चित्रपटाच्या शीर्षकातील दिशा बत्तीस बिंदूंच्या होकायंत्रावर मुळी नाहीच. तेथे ‘नॉर्थवेस्ट बाय नॉर्थ’ सापडते, ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ नाही. माउंट रशमोरच्या माथ्यावर खलनायक व्हॅन्डॅमचे आलिशान घर आणि त्यालगत विमान उतरण्याजोगी सपाटी दाखविली आहे. प्रत्यक्षात तेथे असे घर नव्हते. काही भाग स्टुडिओत उभारला, उरलेले रंगविलेल्या चित्राच्या साहाय्याने साधले. शिल्पमुखांवरील पाठलागही स्टुडिओतील प्रतिकृतीवरचा आहे, कारण खऱ्या शिल्पावर हिंसक प्रसंग चित्रित करण्यास सरकारी यंत्रणेचा विरोध होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयातही चित्रणास परवानगी नव्हती. नायक इमारतीकडे जातो तेवढा शॉट लपविलेल्या कॅमेऱ्याने टिपला व अंतर्भाग स्टुडिओत रचला. थॉर्नहिलच्या आईची भूमिका करणाऱ्या जेसी रॉइस लँडिस (जन्म १८९६) या कॅरी ग्रँट (जन्म १९०४) यांच्याहून जेमतेम सात वर्षांनी मोठ्या होत्या. यांपैकी कशानेही मुख्यार्थाची हानी होत नाही. आईच्या बाबतीत तर उलट घडते : मुलाची थट्टा करणारी ती चपळ, टवटवीत बाई वयाने शोभेशी म्हातारी असती, तर लिफ्टमधील विनोद अर्धाही वठला नसता.

गुप्तचर संस्थेविषयी मात्र पटकथाकाराने धूर्तपणा दाखविला आहे. १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने सीआयएला देशांतर्गत पोलिसी अधिकार व अंतर्गत सुरक्षेचे काम नाकारलेले आहे. ‘प्रोफेसर’ (लिओ जी. कॅरोल) याची संस्था तर सर्रास अमेरिकेच्या भूमीवर डाव मांडते. पण तो आपली संस्था कोणती हे सांगतच नाही. सगळ्या आद्याक्षरी संस्था सारख्याच, अशा आशयाचे बोलून विषय उडवून लावतो. चूक होण्यास लागणारे विधानच केले नाही की चूक सापडत नाही. (ही युक्ती शोधनिबंधांतही अज्ञात नाही.)

शेतातील विमानाचा प्रसंग अधिक विचार मागतो. एका माणसाला मारण्यासाठी त्याला शिकागोहून बसने निर्मनुष्य फाट्यावर बोलवावयाचे आणि औषधफवारणीचे विमान त्याच्यावर सोडावयाचे, याहून गैरसोयीची हत्या कल्पिणे कठीण. स्थळ इंडियानातील म्हणून सांगितले आहे, चित्रण झाले कॅलिफोर्नियातील कर्न परगण्यात. त्यामुळे जमीन अधिकच रखरखीत दिसते. उडताना दिसते ते विमान नौदलाच्या ‘एन३एन’ या प्रशिक्षण-जातीचे, तर टँकरवर आदळते ते ‘स्टिअरमन’. असे असूनही हा प्रसंग चित्रपटाचा कळस मानला जातो तो का? याचे कारण तेथील संकोचहीन शक्तीत आहे. बराच वेळ काहीही घडत नाही. बर्नार्ड हरमन यांचे संगीतही स्तब्ध राहते. सपाट रस्ता, येणारी-जाणारी एखादी मोटार आणि दूरवर घोंघावणारे विमान. बसची वाट पाहणारा एक ग्रामस्थ सहज म्हणून जातो की, जेथे पीक नाही तेथे हे विमान फवारणी करीत आहे. म्हणजे प्रेक्षकाने काढावयाची चूक पात्रानेच आधी काढून ठेवली, आणि तिच्यातूनच भय निर्माण झाले. असंभाव्यता येथे दोष न राहता विभाव होते. हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत संभाव्यतेविषयीची बेपर्वाई उघड बोलून दाखविली आहे. या प्रसंगात ती बेपर्वाई अंगाशी आलेली नाही.

आगगाडीच्या भोजनकक्षातील विसंगती वेगळ्या जातीची आहे. ईव्हचे ओठ एक वाक्य बोलतात आणि कानी दुसरे पडते. उपाशीपोटी शृंगार करीत नाही, असे मूळ संवादाचे सूचन होते. ऐकू येते ते, उपाशीपोटी प्रेमाची चर्चा करीत नाही, असे. तत्कालीन हॉलिवूडच्या नीतिसंहितेपायी हा बदल नंतर ध्वनिमुद्रित करून चिकटविण्यात आला. ही अनवधानाने झालेली चूक नव्हे. तो सेन्सॉरच्या कात्रीचा वण आहे आणि १९५९ सालच्या अमेरिकेविषयी तो पुष्कळ सांगून जातो. यादीत तो मुलाच्या बोटांशेजारी, त्याच क्रमांकपद्धतीने बसतो, ही यादीची मर्यादा.

आता पुन्हा त्या मुलाकडे. कथेच्या आत पाहिल्यास ईव्हचा तो गोळीबार खोटाच असतो. व्हॅन्डॅमला फसविण्यासाठी रचलेले ते नाटक असून पिस्तुलात बिनगोळीची काडतुसे आहेत. तेव्हा बार होणार हे आधीच जाणणारा मुलगा नकळत सत्यच फोडतो, असा चमत्कृतिपूर्ण अर्थ काढण्याचा मोह समीक्षकाला होईल. तो आवरावयास हवा. प्रत्येक स्खलनात गूढ संकेत शोधणारी समीक्षा ही यादी करणाऱ्याइतकीच एकांगी असते. तो दोष मोजतो, ही दोष उरूच देत नाही. त्या मुलाची बोटे हे निव्वळ अनवधान आहे. एवढेच खरे की ज्या क्षणी प्रेक्षकाने नाटकाला खरे मानणे कथेला हवे आहे, त्याच क्षणी ते घडते. म्हणून ज्याला ते दिसले त्याच्यापुरती मुख्यार्थाला किंचित बाधा येते. ज्याला दिसले नाही त्याला ती येत नाही.

याउलट, सातत्य म्हणून जे खरोखर कथेचे आहे तेथे चित्रपट कमालीचा दक्ष आहे. तेच बिनगोळीच्या काडतुसांचे पिस्तूल पुढे लेनर्ड व्हॅन्डॅमवरच झाडतो आणि ईव्हचे बिंग फोडतो. त्यानंतर घरातील नोकराणी तेच थॉर्नहिलवर रोखून धरते. थॉर्नहिलची आद्याक्षरे छापलेले आगकाड्यांचे पाकीट गाडीतील लाडिक संभाषणात दिसते, आणि अखेरीस त्यावरच मजकूर लिहून तो ईव्हला सावध करतो. वस्तूंचा हा प्रवास जुळवून ठेवणाऱ्याला निष्काळजी म्हणता येणार नाही.

अशक्तीचा दोष शोधावयाचा तर तो ईव्हच्या व्यक्तिरेखेत सापडतो, आणि नेमका तो कोणत्याही यादीत आढळत नाही. थॉर्नहिलला त्या फाट्यावर पाठविणारी तीच आहे. निरोप शत्रूचा, पण तो तिच्या तोंडून गेला. पुढे काय होणार हे तिला कितपत ठाऊक होते? ठाऊक असल्यास, आपली कामगिरी सांभाळण्यासाठी एका निरपराध माणसाला मरणाच्या तोंडी देणारी ही स्त्री आहे आणि तिला तसे करू देणारी संस्था तिच्या पाठीशी आहे. हा प्रश्न चित्रपट कोठेही नीट उलगडत नाही. पाइनच्या झाडांखाली उभयतांचा समेट होतो तो दुखावलेल्या मनांचा. त्यात शेतातील विमानाचा हिशेब होत नाही.

शेवटी शिल्पाच्या कड्यावर लोंबकळणाऱ्या ईव्हला थॉर्नहिल वर ओढू लागतो, आणि तिचा हात ओढता ओढताच दृश्य पालटून तो तिला आगगाडीतील वरच्या बर्थवर ओढून घेतो. मधले दिवस, प्रवास आणि विवाह हे सारे एका जोडात गिळले गेले. काटेकोर सातत्याच्या दृष्टीने हा चित्रपटातील सर्वांत मोठा खंड आहे, पण तो चूक म्हणून कोणी नोंदवत नाही, कारण तेथे संकलनाची शक्ती पूर्ण बहरात आहे. त्याच जोडाने ईव्हला विचारावयाचा प्रश्नही कड्यावर मागे राहतो आणि गाडी बोगद्यात शिरते.