‘कांगारू’मधील दुःस्वप्न : सक्तीची सैन्यभरती आणि नकाराची भाषा

डी. एच. लॉरेन्सच्या ‘कांगारू’ (१९२३) या कादंबरीतील ‘दुःस्वप्न’ हे प्रकरण कथानकाच्या ओघात उपरे आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. कथा घडते ऑस्ट्रेलियात. रिचर्ड सॉमर्स हा इंग्रज लेखक आणि त्याची पत्नी हॅरिएट तेथे नुकतीच आली आहेत. माजी सैनिकांची एक गुप्त संघटना आणि तिचा ‘कांगारू’ या नावाने ओळखला जाणारा पुढारी सॉमर्सला आपल्याकडे ओढू पाहत आहेत. अशा वेळी कथानक एकाएकी थांबते आणि युद्धकाळातील इंग्लंड सॉमर्सच्या मनात जागे होते. कॉर्नवॉलमधील पाळत, घराची झडती, तो भाग सोडून जाण्याचा हुकूम आणि भरतीसाठी झालेल्या वैद्यकीय तपासण्या, असा तो सारा पट आहे. बांधणीपुरता आक्षेप खोटा नाही. तथापि कादंबरीतील सर्वांत जिवंत पृष्ठे हीच आहेत, आणि सॉमर्सच्या पुढील वागण्याचा उलगडाही याच पृष्ठांत दडलेला आहे.

या प्रकरणामागील वस्तुस्थिती थोडक्यात ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनने स्वयंसेवकांच्या बळावर सैन्य उभे केले. जानेवारी १९१६ मध्ये लष्करी सेवेचा कायदा संमत झाला, आणि १८ ते ४१ वर्षे वयाचे अविवाहित पुरुष सैन्यात दाखल झालेच आहेत असे कायद्याने गृहीत धरले. हे गृहीतकच मोठे बोलके आहे. मनुष्याला बोलावणे, त्याने येणे वा न येणे, हा व्यवहारच येथे उरत नाही. तो आपल्या घरी चहा पीत असतानाच सैनिक झालेला असतो. मे महिन्यात हा नियम विवाहितांनाही लागू झाला आणि जूनमध्ये लॉरेन्सला बॉडमिनच्या बराकीत हजर व्हावे लागले.

कायद्यात सुटकेच्या काही वाटा होत्या. प्रकृती, कुटुंबाची हलाखी, राष्ट्रीय महत्त्वाचे काम, आणि चौथी वाट सदसद्विवेकबुद्धीची. या चौथ्या वाटेने जाणाऱ्यास स्थानिक न्यायाधिकरणापुढे आपली बुद्धी सिद्ध करावी लागे. समोर गावचे प्रतिष्ठित बसलेले असत आणि सैन्याचा प्रतिनिधी उलटतपासणी घेई. एखादा जर्मन शिपाई तुमच्या बहिणीवर हात टाकू लागला तर तुम्ही काय कराल, हा प्रश्न तर पुढे प्रसिद्धीसच पावला. मराठीतील शब्दात सत् आणि असत् यांचा विवेक अभिप्रेत आहे, म्हणजे अंतरंगातील एक मूक व्यापार. न्यायाधिकरणाला हवा होता त्याचा बोलका पुरावा : धर्मपंथ कोणता, किती वर्षांपासून, कोणत्या वचनाच्या आधारे. ज्याला बोलता आले त्याला निदान ऐकून घेतले जाई. ज्याचा नकार शब्दांत मावत नव्हता, त्याच्यासाठी कायद्यात जागाच नव्हती.

बोलक्या नकाराची कादंबरीही त्या काळात लिहिली गेली. रोझ अ‍ॅलाटिनीची ‘डिस्पाइज्ड अँड रिजेक्टेड’ १९१८ मध्ये ए. टी. फिट्झरॉय या टोपणनावाने प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी सैन्यभरतीस बाधक ठरवून तिच्या प्रकाशकाला शिक्षा झाली. तिचा नायक डेनिस हा संगीतकार आहे. तो आपल्या नकाराची कारणे जाणतो, ती मांडतो आणि तुरुंगात जातो. त्याची समलिंगी वृत्ती आणि त्याचा युद्धविरोध यांना एकत्र गुंफण्याचे लेखिकेचे धाडस त्या काळाच्या मानाने असामान्यच म्हटले पाहिजे. कलादृष्ट्या मात्र ही कादंबरी वारंवार चर्चेत अडकते. तिच्यातील माणसे एकमेकांशी बोलतानाही जणू न्यायाधिकरणापुढे उभी असतात.

सॉमर्सजवळ असे कोणतेच निवेदन नाही. तो शांततावादी नाही, धर्मपंथीय नाही, समाजवादीही नाही. त्याला मारणे तत्त्वतः अमान्य आहे असेही नाही. त्याचा नकार तत्त्वाच्या अलीकडचा आहे आणि म्हणून लॉरेन्स तो युक्तिवादाने न मांडता तपासणीच्या खोलीत मांडतो. बॉडमिनचा अनुभव त्यामानाने सौम्य. खरा आघात होतो तो डर्बीला, युद्ध संपत आले असताना. विवस्त्र शरीरे, त्यांच्यावरून फिरणारे परक्यांचे हात, तरुण डॉक्टरांचे हसणे. राज्यसत्ता येथे अजून कोणाला मारत नाही, रणांगणावर पाठवीत नाही. ती केवळ तपासते. पण त्या स्पर्शात तिचा सारा मालकीहक्क उघडा पडतो. आपल्या शरीराला पुन्हा कधी असा स्पर्श होऊ द्यायचा नाही, ही सॉमर्सची प्रतिज्ञा याच क्षणी जन्म घेते. मराठी वाचकास येथे वेठीची आठवण होणे साहजिक आहे. परंतु वेठ घेणारा श्रम घेई, आणि वेठ संपल्यावर वेठकरी आपले शरीर घेऊन घरी जाई. येथे शरीरच मोजून, प्रत ठरवून, वहीत नोंदले जाते. नाकारले गेले तरी ते नोंदलेलेच राहते. सॉमर्स सैनिक होत नाही, तरी त्याचा अपमान अणुमात्र कमी होत नाही, ही या प्रकरणाची सर्वांत खोल जाण होय.

मात्र याच जागी लॉरेन्सची दृष्टी आखडते. ज्या संस्थेने सॉमर्सला अपमानित केले तिच्यावरचा त्याचा क्रोध पाहता पाहता जनसमूहावर वळतो. इंग्लंड म्हणजे जमाव, आणि जमाव म्हणजे सक्ती, असे समीकरण तयार होते. त्या इंग्लंडात नो-कॉन्स्क्रिप्शन फेलोशिप ही संघटना १९१४ पासून काम करीत होती. सुमारे १६,००० माणसांनी सदसद्विवेकबुद्धीच्या आधारे नकार नोंदविला आणि त्यांतील सुमारे ६,००० तुरुंगात गेली. १९१६ मध्ये फ्रान्समध्ये नेलेल्या ३५ जणांना मृत्युदंड सुनावून तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला गेला. या संघटित विरोधाला दुःस्वप्नात वजन मिळत नाही. बर्ट्रंड रसेलशी लॉरेन्सचे १९१५ मध्ये बिनसले; पुढे रसेल त्याच संघटनेच्या कार्यात उतरला. दोघांच्या वाटा येथे फुटल्या त्या केवळ स्वभावभेदाने नव्हे. रसेलला नकार हे सामुदायिक कर्म वाटत होते, लॉरेन्सला तो एकट्याचाच असू शकतो असे वाटत होते.

ज्या भूमीवर बसून सॉमर्स हे सारे आठवतो तिची साक्ष तर याहून अडचणीची आहे. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांनी परदेशातील युद्धासाठी सक्तीच्या भरतीचा प्रश्न दोनदा मतदारांपुढे ठेवला. २८ ऑक्टोबर १९१६ रोजी १०,८७,५५७ मते बाजूने आणि ११,६०,०३३ विरुद्ध पडली. २० डिसेंबर १९१७ रोजी विरोधाचे आधिक्य वाढले. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत कामगार होते, आयरिश कॅथलिक होते, स्त्रिया होत्या. आणि शेतावर मजूर मिळणार नाहीत या भीतीने मत देणारे शेतकरीही होते. हा नकार निर्मळ नव्हता, त्यात स्वार्थ व वर्णद्वेषही मिसळला होता, पण तो जमावाचा नकार होता. १९२२ मध्ये थिरूल येथे ही कादंबरी लिहिताना लॉरेन्सभोवती हीच माणसे वावरत होती, आणि तरीही दुःस्वप्नातील जमावाच्या चित्रावर त्यांची एकही रेषा उमटलेली नाही.

या मर्यादेची किंमत कादंबरी पुढे स्वतःच चुकविते. कांगारू सॉमर्सकडून प्रेम मागतो. मृत्युशय्येवरही तो केवळ एक शब्द मागतो, आणि सॉमर्सला तो उच्चारता येत नाही. त्या प्रसंगातील त्याचा कठोरपणा अनेक वाचकांना अनाकलनीय वाटतो. डर्बीची खोली ध्यानात ठेवली की तो अनाकलनीय राहत नाही. प्रेमाने पुढे आलेला हात आणि भरतीचा हात यांत फरक करण्याची शक्तीच त्या माणसात उरलेली नाही.