पुसटलेला हात

मैफलीच्या छायाचित्रांविषयी मराठीत लिहिले जाते ते बहुधा कौतुकाचे. चित्र ‘बोलके’ आहे म्हटले की परीक्षण संपते. माझा आक्षेप तिथेच आहे.

हर्मन लेनर्डने १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबात टिपलेला डेक्स्टर गॉर्डन जगभर जॅझचे प्रतीक मानला जातो. पण त्यात गॉर्डन वाजवतच नाही. हातचा सॅक्सोफोन विसावलेला, वर सिगारेटचा धूर, तोही मागच्या फ्लॅशने उजळलेला. वेळ तालमीची. चित्र अप्रतिम आहे. मैफल त्यात नाही.

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशींचे चित्र घेणाऱ्याला ही सवलत कुठली? रंगलेल्या गाण्यात फ्लॅश मारणे म्हणजे आगाऊपणाच. चारशेच्या फिल्मवर, मंचावरच्या तुटपुंज्या उजेडात शटर १/३० पर्यंत उतरवावे लागे. चेहरा जेमतेम स्थिर, तानेबरोबर फिरणारा हात पुसट. अशी चित्रे ‘हललेली’ म्हणून बाजूला पडतात. छापली जातात ती १/२५० ची : हात हवेत थिजलेला, तोंड वाकडे. ज्याने पंडितजींना ऐकलेच नाही, त्याला हा माणूस कळवळतो आहे असे वाटावे!

नांदगाव पेठेत आम्हाला पुण्याची मैफल दिसली ती छापील चित्रांतूनच, म्हणून हा हट्ट. द्रुत तानेचा वेग त्या पुसट रेषेत उरतो. लांबवलेल्या षड्जावर तोच हात, त्याच शटरला, स्वच्छ येतो. मायक्रोफोनचा दांडा चेहऱ्यावर आला, तर मात्र दोन्ही शटरे सारखीच.