नालंदा येथील ग्रंथदाह : एका प्रवादाची छाननी

महंमद बख्त्यार खलजीनें नालंदा महाविहार जाळिला, तेथील नव्वद लक्ष पोथ्या कित्येक महिने धुमसत होत्या, हें विधान लेखामागून लेखांत उतरत आलें आहे. पोथ्यांच्या नाशाची हळहळ आम्हांसही आहे. परंतु हळहळ म्हणजे प्रमाण नव्हे. सबब मूळ साधनें काय बोलतात तें पाहूं.

मुख्य साधन मिनहाज-इ-सिराज याची ‘तबकात-इ-नासिरी’. ही इ. स. १२६० च्या सुमारास पुरी झाली. बख्त्यारच्या पदरीं असलेल्या एका इसमाची लखनौतीस हिजरी ६४१ (इ. स. १२४३) मध्यें गांठ पडून हा वृत्तांत कळला, असें मिनहाज सांगतो, म्हणजे माहिती ऐकीव असली तरी निराधार नव्हे. दोनशें स्वारांनीं बिहारच्या किल्ल्यावर घातलेला छापा, मुंडित मस्तकाच्या रहिवाशांची सरसकट कत्तल, पुष्कळ पुस्तकें सांपडणें, आणि तीं उलगडून सांगण्यास कोणी जिवंत न उरणें, एवढें त्यांत आहे. नालंदेचें नांव नाहीं; पुस्तकें जाळल्याचाही उल्लेख नाहीं. हा किल्ला म्हणजे उदंतपुरी, आजचें बिहारशरीफ, असें अभ्यासक बहुधा मानतात.

तिबेटी यात्री धर्मस्वामी इ. स. १२३४ ते १२३६ च्या दरम्यान मगधांत होता. त्याचें चरित्र रेरिख यांनीं १९५९ मध्यें पाटण्याहून प्रसिद्ध केलें. तुरुकांनीं केलेली नासधूस त्यांत स्पष्ट आहे. पण नव्वदी ओलांडलेले राहुलश्रीभद्र सुमारें सत्तर शिष्यांस तेथेंच पाठ देत होते, हेंही आहे.

उलट पक्षीं, तीर्थिकांनीं आग लावून ग्रंथालय जाळिलें, ही तिबेटी कथा पुढें करून कांहीं लोक बख्त्यारास मोकळा करूं पाहतात. ती कथा सांगणारा तारानाथ इ. स. १६०८ चा, त्यासही तीच कसोटी लाविली पाहिजे. शिवाय महीपालाच्या ११ व्या वर्षाच्या बालादित्याच्या शिलालेखांत अग्निदाहानंतरच्या जीर्णोद्धाराची नोंद आहे. महीपाल बख्त्यारच्या फार पूर्वींचा. तेव्हां उत्खननांतील प्रत्येक जळका थर एकाच स्वारीच्या माथीं मारतां येत नाहीं.

नव्वद लक्षांच्या आंकड्यास यांपैकीं एकाही साधनाचा आधार नाहीं. इत्सिंगानें भारतांतून नेलेले ग्रंथ सुमारें ४००, श्लोकसंख्या पांच लक्ष. एवढ्यावरून प्रमाणाची कल्पना यावी. १९२१ मध्यें सांपडलेल्या देवपालाच्या ताम्रपटांत सुवर्णद्वीपाच्या बालपुत्रदेवाच्या विनंतीवरून पांच गांवें दिलीं आहेत, व त्यांच्या उत्पन्नाच्या विनियोगांत ग्रंथलेखनाचा खर्च निर्दिष्ट आहे. नालंदेंत लिहिलेल्या अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेच्या प्रती आजही आहेत: महीपालकालीन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटींत, रामपालाच्या १५ व्या वर्षाची ऑक्सफर्डास.

आमचा निष्कर्ष इतकाच, कीं मगधांतील विहारांचा विध्वंस सिद्ध आहे. नालंदेचा ग्रंथदाह बख्त्यारनें केला, हें सिद्ध नाहीं. संग्राहकांस आमची विनंती अशी, कीं जुन्या बौद्ध पोथीचें एखादें सुटें पान जरी हातीं आलें, तरी त्यावरील पुष्पिका प्रथम उतरून घ्यावी. स्थळ, राजा व वर्ष यांची अशी एक ओळ वरील आंकड्यापेक्षां अधिक उपयोगाची आहे.