प्रतिसादांचे वाङ्मय

महाजालावरील मराठी लेखनाची समीक्षा करावयाची, तर केवळ मूळ लेख वाचून भागत नाही. त्याखाली उमटलेले प्रतिसाद, दुरुस्त्या, खोचक शंका आणि लेखकाची उत्तरे मिळून ती कृती सिद्ध होते. म्हणूनच एखादे स्थळ उतरणीस लागले असता तेथील मंडळींनी उठावे की बसून राहावे, हा प्रश्न आम्ही निव्वळ सोयीचा मानीत नाही.

ऑर्कुटचेच पाहा. २००४ साली निघालेल्या या स्थळावर मराठी कवितेचे समूह होते. पुढे लोक फेसबुककडे वळू लागले. एकट्याने जावे तर तेथे आपले वाचक नाहीत, म्हणून जो तो दुसऱ्याच्या उठण्याची वाट पाहत राहिला. अखेर ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ते बंद केले. सार्वजनिक समूहांतील मजकूर काही काळ वाचनार्थ ठेवला होता. तोही नंतर काढून टाकण्यात आला. कविता कवींच्या वह्यांत उरल्या असतील. त्यांवर झालेले वाद मात्र गेले.

'सत्यकथा' १९८२ साली बंद पडली. तिच्याशी उभा दावा मांडून 'असो', 'वाचा' यांसारखी अनियतकालिके साठोत्तरी लेखकांनी काढली होती. तो तंटा आजही ग्रंथालयांतील बांधीव अंकांतून अभ्यासता येतो. कारण एकदा वाचकाच्या हाती दिलेला अंक मालकास परत घेता येत नसे. नव्या स्थळांचा मालक अंक हाती देतच नाही.

ट्विटरचे स्वामित्व २०२२ मध्ये बदलले, २०२३ मध्ये नावही 'एक्स' झाले. त्यानंतर कोणी मॅस्टोडॉनवर गेले, कोणी ब्लूस्कायवर. जाण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती पांगापांगीस. आमच्या गोमंतकात १५६० च्या सुमारास मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळास नेले. महाजन पुढे दूरदूर विखुरले, तरी देव कोठे आहे हे प्रत्येकास ठाऊक होते. इतका निश्चय हल्लीच्या समूहांत क्वचित दिसतो. १९९६ पासून चालत आलेली 'मायबोली' मराठी मंडळींच्याच हाती आहे, हे तिचे बळ आम्हांस लेखनगुणांइतकेच मोलाचे वाटते.

तेव्हा खालावलेले स्थळ सोडावे, असेच आमचे मत आहे. मात्र नवी जागा आधी ठरवावी आणि चांगल्या चर्चा प्रतिसादांसह उतरून घ्याव्यात. टोपणनावाने लिहिणाऱ्यांची अनुमती मिळविणे हे त्यांतले सर्वांत किचकट काम. ते स्थळ चालू आहे तोवरच होऊ शकते.