रिंगबाहेरचे पेटकर

कल्याणच्या पुढची आमची तिन्ही गावे या ना त्या प्रकारे लष्कराच्या सावलीत वाढली. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातले कल्याण कॅम्प. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित राहिले, 1949 साली गावाला नवे नाव मिळाले, तरी पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर’ अजून सुटलेला नाही. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे आणि बदलापुरात तिथून निवृत्त झालेल्यांची घरे आहेत. त्यामुळे जून 2024 मध्ये कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ आला, तेव्हा आम्ही चारपाच निवृत्त मंडळी मिळून तो बघायला गेलो. बरोबर शेजारचा एकोणीस वर्षांचा मुलगाही होता. तो बॉक्सिंग करतो, किंवा करत होता. त्याचा खांदा दोनदा निखळला होता आणि डॉक्टरांनी आता थांबायला सांगितले होते. बाहेर पडताना तो म्हणाला, ‘‘काका, म्हणजे सोडायचं नाही तर.’’

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मुरलीकांत पेटकरांच्या आयुष्याचा हा अर्थ निघतो का, हे तपासण्यासाठी हा लेख.

प्रथम ज्ञात गोष्टी. पेटकरांचा जन्म 1 नोव्हेंबर 1944 चा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा. पोरवयात ते सैन्यात गेले, ईएमई या तांत्रिक दलात बॉक्सर झाले आणि 1964 साली टोकियोतल्या आंतरराष्ट्रीय सेनादल स्पर्धेत उतरले. पुढच्याच वर्षी, पाकिस्तानबरोबरच्या युद्धात, त्यांना गोळ्या लागल्या. एक मणक्यात बसली. कमरेखालचे शरीर गेले. वयाची एकविशीही पुरी झाली नव्हती. त्यानंतर 1968 साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि ऑगस्ट 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. ऑलिम्पिकमधले आपले पहिले वैयक्तिक सुवर्ण, अभिनव बिंद्राचे, त्यानंतर 36 वर्षांनी आले.

सिनेमा ही कथा दोन चौकटींत बसवतो. पहिली चौकट पोलीस ठाण्याची. वृद्ध पेटकर राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार द्यायला येतात, कारण अर्जुन पुरस्कार मिळाला नाही. शेवटी 2018 ची पद्मश्री येते आणि वर्तुळ पूर्ण होते. दुसरी चौकट जाहिरातीतच सांगितलेली : शरण न गेलेला माणूस. दोन्ही चौकटी प्रेक्षकाला धरून ठेवतात. कार्तिक आर्यनची मेहनत दिसते, विजय राज यांचा प्रशिक्षक लक्षात राहतो. माझा आक्षेप कारागिरीला नाही, अर्थाला आहे.

पेटकर एका अर्थाने शरण गेलेच होते. बॉक्सिंग त्यांनी सोडले. सोडावे लागले म्हणा, पण त्या बंद दाराशी ते धडका देत बसले नाहीत. टेबल टेनिसची बॅट धरली, भाला फेकला, पोहायला लागले. हायडेलबर्गला ते भालाफेक आणि स्लॅलममध्येही उतरले होते. पाण्यात ते पहिल्यांदा उतरले ते पदकासाठी नव्हे. तो उपचाराचा, फिजिओथेरपीचा भाग होता. सिनेमात मात्र बॉक्सिंगचा जुना प्रशिक्षकच इस्पितळात येऊन त्यांना पोहण्याकडे वळवतो. नाट्याच्या दृष्टीने ते सोयीचे आहे, कारण एकच गुरू दोन्ही काळ सांधतो. पण त्या सोयीत उपचार करणारे हात दिसेनासे होतात आणि उरते ती फक्त जिद्द.

बॉक्सिंगचा वारसा मग कुठे राहिला? माझ्या मते तो खांद्यांत राहिला. पाय निकामी असलेला जलतरणपटू जवळजवळ सगळा वेग हातांतून काढतो. श्वास कुठे घ्यायचा, जोर कधी लावायचा, हे बॉक्सरला वेगळे शिकवावे लागत नाही. त्या काळी हौशी बॉक्सिंगची फेरी 3 मिनिटांची असे. हायडेलबर्गची शर्यत एका फेरीच्या जेमतेम पाचव्या हिश्शात संपली. जो खेळ सुटला त्याने कमावून दिलेले शरीर दुसऱ्या खेळात कामी आले. सिनेमात बॉक्सिंग येते ते गोळी लागण्याआधीचे स्वप्न म्हणून. ते नंतर कशाची पुंजी झाले, हे येत नाही.

दुसरी गोष्ट पाठीशी उभ्या राहिलेल्यांची. लहान मुरली खाशाबा जाधवांचे स्वागत बघतो आणि पदकाचे वेड घेतो, असे सिनेमा दाखवतो. ते खाशाबा 1952 साली हेलसिंकीला जाऊ शकले, कारण कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले आणि गावकऱ्यांनी वर्गणी काढली. पेटकरांच्या परदेशवारीच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचा हातभार लागला. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी मिळाली, म्हणून घर चालले. पदकांमागे लष्कर आहे, इस्पितळ आहे, कारखाना आहे आणि खिशात हात घालणारी माणसे आहेत. सरकारी पुरस्कार सगळ्यांत शेवटी आला. खाशाबांना अर्जुन मिळाला तो मरणोत्तर. पेटकरांना जीवनगौरव अर्जुन जानेवारी 2025 मध्ये मिळाला, तेव्हा ते 80 वर्षांचे होते. ही दिरंगाई लाजिरवाणीच आहे. पण सिनेमा तिलाच कथेचा कणा करतो, तेव्हा आयुष्याचे मोल ठरवण्याचा हक्क नकळत पुन्हा त्याच पुरस्कार देणाऱ्यांच्या हाती जातो.

बॉक्सरची निवृत्ती क्वचितच त्याच्या हातात असते. मेरी कोमचे उदाहरण ताजे आहे. 6 जागतिक विजेतेपदे आणि लंडनचे कांस्य नावावर असलेली ही बाई. वरच्या गटात वयाच्या 40 नंतर खेळता येत नाही, हा नियम तिला लागू झाला आणि जानेवारी 2024 मध्ये ‘निवृत्त झाले असे मी म्हटलेले नाही’ असा खुलासा तिला करावा लागला. तिला नियमाने थांबवले, पेटकरांना गोळीने, आमच्या शेजारच्या मुलाला खांद्याने. थांबवणारे वेगळे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे हा प्रश्न तिघांना सारखाच. पेटकरांचे मोठेपण त्या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात आहे, आणि ते उत्तर एकट्याचे नव्हते.

आमच्याकडे बॉक्सिंगला येणारी बहुतेक मुले पोलीस भरती किंवा सैन्य डोळ्यांपुढे ठेवून येतात. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. ते ठरावीक स्पर्धांतल्या पदकांवर मिळते. ज्याचा खांदा पदकाआधीच गेला, त्याच्या हाती काय? अशा मुलाला ‘सोडू नकोस’ सांगणे सोपे आहे, कारण सांगणाऱ्याचा खांदा दुखत नाही. त्याला चांगला फिजिओथेरपिस्ट कोण गाठून देणार, पंच किंवा प्रशिक्षक होण्याची वाट कोण दाखवणार, हे विचारणे अवघड आहे.

त्या मुलाला मी पेटकरांची खरी हकीकत सांगितली, 1965 ते 1972 ही सात वर्षे एकेक करून. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘‘टेबल टेनिस का लावलं त्यांनी मधेच?’’ मी म्हटले, समोर होतं म्हणून असेल. त्यावर तो हसला. सिनेमाने त्याला हा प्रश्न पडू दिला नव्हता.